शून्यापासून मोजलेल्या आवृत्त्या

पुस्तकाच्या आवृत्त्या एकापासून मोजतात. संगणकाच्या आज्ञावलीच्या पुष्कळदा शून्यापासून. पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘आवृत्ती पहिली’ असे छापून येते तेव्हा त्या दोन शब्दांत एक निर्वाळा असतो. लेखकाने हस्तलिखितावरून शेवटचा हात फिरवला आहे, मुद्रिते तपासून झाली आहेत, आता जे काही निसटले असेल ते शुद्धिपत्रात. आज्ञावली – बोलताना जिला सारेच प्रोग्राम म्हणतात – लिहिणारा मात्र आपली पहिली कृती लोकांपुढे ठेवताना तिच्यावर ०.१ किंवा ०.०१ असा आकडा घालतो. पूर्णांकाच्या जागी शून्य आहे तोवर हिच्यात काहीही बदलू शकेल, हिच्यावर फार विसंबू नये, असा त्या आकड्याचा संकेत. आम्हांस हा संकेत प्रथम समजला तेव्हा त्याचा तांत्रिक उपयोग बाजूलाच राहिला; तो आम्हांला एक वाङ्मयीन संकेत वाटला. अपुरेपणाला क्रमांक देण्याची सोय आपल्या ग्रंथव्यवहारात नाही. आपल्याकडे अवस्था दोनच : अप्रकाशित आणि प्रकाशित.

मराठीचे अध्ययन-अध्यापन करणारी आणि स्वतःच्या निकडीपोटी एखादी लहानशी आज्ञावली लिहिलेली पाच-सात माणसे तरी आमच्या ओळखीची आहेत. कोणी गाथेतील शब्दांची वारंवारिता मोजणारी लिहिली आहे, कोणी दोन पाठ शेजारी मांडून त्यांतील भेद रंगवून दाखवणारी, कोणी म्हणींची अकारविल्हे लावणारी. ही माणसे व्यवसायाने संगणकतज्ज्ञ नव्हेत. सुट्टीत, रात्री जागून, पुस्तके चाळून शिकलेली. त्यांच्या आज्ञावल्या उत्तम चालतात. पण त्या त्यांच्याच यंत्रावर चालतात. दुसऱ्या कोणास का देत नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : अजून थोडे काम राहिले आहे. हे ‘थोडे’ फार चिवट असते. वर्षानुवर्षे ते तेवढेच राहते.

यात आळस नाही. उलट आमच्या विद्याशाखेचा जो उत्तम संस्कार, त्याचेच हे फळ आहे. ज्याने पाठचिकित्सेचा अभ्यास केला, ज्याच्या प्रबंधातील एका ह्रस्व-दीर्घावरून परीक्षकाने पाऊण तास घेतला, त्याला कच्चे काम चारचौघांत ठेवणे म्हणजे अंगावरचे वस्त्र सावरण्याआधी दार उघडण्यासारखे वाटते. या संकोचाची चेष्टा करण्याची आमची इच्छा नाही. त्याची किंमत काय पडते, एवढेच पाहायचे आहे.

आमच्या परिचयाचे एक प्राध्यापक होते. वामनपंडित, रघुनाथपंडित, मोरोपंत यांच्या रचनेतील वृत्तांची उदाहरणे ते चिठ्ठ्यांवर उतरवून घेत. प्रत्येक चिठ्ठीवर चरण, त्याखाली लघुगुरूंच्या खुणा, कोपऱ्यात दोन-तीन अक्षरांचे संक्षेप. बुटांच्या खोक्यांत त्यांनी त्या अशा काही शिस्तीने लावल्या होत्या की हवी ती चिठ्ठी त्यांना अर्ध्या मिनिटात सापडे. तीस वर्षे हे काम चालले. मोरोपंतांचा भाग पुरा झाला की ग्रंथ करायचा, असे ते म्हणत. आणि मोरोपंत ज्यांनी चाळले आहेत त्यांना या वाक्यातील ‘पुरा’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. सरांच्या पश्चात ती खोकी आम्ही पाहिली. चिठ्ठ्या जशाच्या तशा होत्या, अक्षर मोत्यासारखे. परंतु कोपऱ्यातील ‘वि. २’, ‘क्व.’, ‘न सा.’ या संक्षेपांचा अर्थ कोणालाच लागेना. संक्षेपांची यादी प्रस्तावनेत यायची होती, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहायची होती.

त्या खोक्यांमुळेच आम्ही वृत्त ओळखणारी आज्ञावली लिहायला घेतली. मुक्तछंदाच्या शंभर वर्षांनंतर वृत्तांचा एवढा सोस कशाला, असे विचारणारे विचारोत. पद्याची एक ओळ द्यावी, तिने अक्षरे पाडावीत, प्रत्येक अक्षर लघु की गुरू ते ठरवावे, तिनाचे गण पाडावेत आणि वृत्ताचे नाव सांगावे, एवढाच बेत होता. चार यगण आले की भुजंगप्रयात. म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू आला की शार्दूलविक्रीडित. शाळेत पाठ केलेले सूत्र यंत्राला शिकवायचे, यात कठीण ते काय? नियम तर चार ओळींत मावतात. अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेली अक्षरे लघु, बाकीच्या स्वरांची गुरू. अनुस्वार-विसर्ग असलेले गुरू. आणि जोडाक्षरामागचे अक्षर, त्यावर आघात येत असल्यास, गुरू.

‘आघात येत असल्यास’ या तीन शब्दांपाशी यंत्र थांबते. यंत्राला कान नाही. ‘सत्य’ म्हणताना स वर आघात येतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. ‘तुम्ही’ म्हणताना तु वर तो येत नाही, हेही नाही. दोन्हीकडे पुढे जोडाक्षरच आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडी तर पाहण्यासारखी आहे. समुद्रवाचक शब्दातला द गुरू, डोंगरांमधल्या दऱ्यांतला द लघु. लिहिताना फरक एका रफाराचा आणि एका आडव्या र चा. युनिकोडमध्ये हा आडवा र दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना ते अदृश्य चिन्ह कधीकधी गळते, आणि मग कोणाच्याही नकळत दरीचा समुद्र होतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले तेच मुळी २००८ साली. तोवरचे आणि त्यानंतरचेही कितीतरी मराठी लेखन ते अ वर चंद्र ठेवून लिहिते. डोळ्याला एक, यंत्राला दोन.

जुन्या छापील ग्रंथांचा प्रश्न आणखी निराळा. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना निरोप दिला. त्याआधीच्या लेखनात ‘हंसणें’ असे डोक्यावर टिंब घेऊन येई. नियमाप्रमाणे तेथला हं गुरू. उच्चारात तो लघु, कारण तो हंस पक्षी नव्हे. म्हणजे येथे लेखणीवर विश्वास ठेवायचा नाही, जिभेवर ठेवायचा. बरे, सर्वत्र जिभेवरच ठेवू म्हणावे, तर ‘कमळ’ हा शब्द आपण बोलताना शेवटचा अ गिळून म्हणतो. वृत्तात मात्र त्याची तीन अक्षरे पूर्ण तीन मोजावी लागतात. तेथे जीभ बाजूला आणि लेखणी प्रमाण. कोठे लेखणीचे ऐकायचे आणि कोठे जिभेचे, याचा नियम कोणत्याही पुस्तकात सलग दिलेला आम्हांस आढळला नाही. तो पद्य म्हणणाऱ्या माणसांच्या सवयीत पसरलेला आहे.

हे ध्यानात आल्यावर ‘पूर्ण करून मग बाहेर काढू’ या बेताला अर्थच उरला नाही. जे ज्ञान दारे लावून बसलेल्या एका माणसापाशी नाहीच, ते मिळेपर्यंत दारे लावून बसायचे, असा तो बेत झाला असता. म्हणून सव्वादोनशे ओळींची ती आज्ञावली आम्ही ०.१ असा क्रमांक घालून, कोणीही घ्यावी अशा रीतीने, खुली केली. तिला फक्त अक्षरगणवृत्ते कळत होती, तीही चाळीसच. मात्रावृत्ते कळत नव्हती. ओवी आणि अभंग तर दूरच. आघाताचा नियम आम्ही मुद्दाम ढोबळ ठेवला होता : म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह, ऱ्य ही जोडाक्षरे आघातहीन धरायची, इतर सारी आघाताची. सोबत एक स्वतंत्र पान जोडले होते, ‘हिला काय येत नाही’ या मथळ्याचे. त्यावर एकोणीस कलमे होती.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिकाची एक ठरावीक विनवणी असते. समोर जसे दिसले तसे उतरवले. शुद्ध असो की अशुद्ध, मला बोल लावू नये. आमच्या पानाचा सूर तिच्यासारखाच होता, असे एका स्नेह्याने सुचवले. आम्हांला ते पटले नाही. लेखनिक दोष स्वतःपासून दूर ठेवतो. शून्याच्या आवृत्तीचा लेखक तो मागून घेतो. ‘बोल लावू नये’ आणि ‘बोल लावा, पण कोणत्या ओळीला ते सांगा’ या दोन निरनिराळ्या विनंत्या आहेत.

बोल आलेच. एका शिक्षिकेने ‘तुझ्या’, ‘कशाच्या’, ‘त्याच्या’ असे च्या-झ्या असलेले चाळीस शब्द पाठवले आणि त्यांतल्या कोणत्या ठिकाणी आपला कान आघात ऐकतो व कोणत्या ठिकाणी नाही, याच्या खुणा केल्या. ‘तुझ्या’तला तु लघु, हे त्यांनी ठासून सांगितले होते. एका कीर्तनकार गृहस्थांचे म्हणणे असे की, चरणान्तीचे लघु अक्षर म्हणताना गुरू होते हे सर्वांना ठाऊक आहे, पण यतीपाशीही ते कधीकधी होते, आणि ते तुमच्या यंत्राच्या गावी नाही. गोव्याच्या एका अभ्यासकाने विचारले की कोंकणी पद्याला हीच आज्ञावली लावली तर काय काय मोडेल; आणि काय मोडले त्याची यादी स्वतःच तयार करून दिली. या तिघांपैकी एकालाही आम्ही आधी ओळखत नव्हतो. आज्ञावली खणात असती तर त्यांना कोणता प्रश्न विचारायचा हेही आम्हांला सुचले नसते. प्रश्न त्यांना सुचले, कारण समोर काहीतरी चुकीचे बोलत होते. मनुष्यस्वभाव असा की, ‘आघाताविषयी आपले मत कळवावे’ या विनंतीला कोणी उत्तर देत नाही. पण ‘तुझ्या’तला तु गुरू आहे असे कोणी म्हटले की झोपलेला माणूस उठून बसतो.

याची एक दुसरी बाजू आहे आणि ती आम्हांला हलकी वाटत नाही. एका महाविद्यालयात एका विद्यार्थ्याने स्वतः रचलेले मंदाक्रान्तेतील चार चरण वर्गात वाचले. अध्यापकांनी ते आमच्या आज्ञावलीत घातले. तिसऱ्या चरणाशी तिने दाखवले : ‘आमच्या नियमांप्रमाणे येथे जुळत नाही’. आज्ञावलीत ‘चूक’ हा शब्द आम्ही पहिल्या दिवसापासून कोठेही येऊ दिला नव्हता. तरीही वर्गात अर्थ व्हायचा तोच झाला : यंत्र म्हणते वृत्तभंग आहे. त्या मुलाने आम्हांला पत्र लिहिले. त्याचा चरण निर्दोष होता. त्यातील जोडाक्षराचा प्रकार आमच्या एकोणीस कलमांपैकी सहाव्यात नोंदलेला होता. ते पान अध्यापकांनी वाचलेले नव्हते.

‘पानावर लिहिले होते की’ असे म्हणून येथे मोकळे होता येते. पण साहित्याच्या वर्गात यंत्राच्या बोलण्याला एक अवाजवी वजन असते. आणि ज्या मुलाने आयुष्यात प्रथमच मंदाक्रान्ता जुळवली त्याच्या दृष्टीने ते वजन फारच मोठे. आम्ही त्याला उत्तर लिहिले, अध्यापकांनाही लिहिले, आणि पुढच्या आवृत्तीपासून आज्ञावली न जुळणाऱ्या अक्षराखाली त्या जागी कोणता नियम लावला ते आणि त्या नियमाविषयी शंका असल्यास त्या कलमाचा क्रमांक, दोन्ही छापू लागली. आज्ञावली अपुरी असताना बाहेर पडू शकते, पण आपल्या अपुरेपणाचा हिशेब तिने पहिल्या दिवशीच पूर्ण दिला पाहिजे. तो हिशेब तळटीपेत असून भागत नाही. ज्या ओळीवर निकाल देतो त्याच ओळीखाली हवा. सरांच्या खोक्यांतही उणीव होती ती चिठ्ठ्यांची नव्हती. मोरोपंत अर्धेच झाले असते आणि संक्षेपांचे एक पान लिहिलेले असते, तर आज ते काम कोणी पुढे नेत असते.

आज्ञावल्यांच्या इतिहासात या प्रश्नाचे एक प्रचंड उदाहरण आहे, आणि योगायोग असा की त्याचे नाव कवितेतून आले आहे. टेड नेल्सन या अमेरिकन विचारवंताने १९६० पासून जगातील सारे लेखन परस्परांशी जोडणाऱ्या एका व्यवस्थेचे स्वप्न पाहिले. ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द त्याचाच, १९६५ साली छापून आलेला. आपल्या व्यवस्थेला त्याने ‘झॅनाडू’ हे नाव दिले, कोलरिजच्या ‘कुब्ला खान’मधील नगराचे. तिच्यात प्रत्येक दुवा दोन्ही बाजूंनी दिसणार होता. कोणी अवतरण घेतले तर ते मूळ लेखनाशी कायम जोडलेले राहणार होते आणि मूळ लेखकाला त्याचा मोबदला पोचणार होता. लेखनाच्या जुन्या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता येणार होत्या. आणि दुवा कधीच तुटणार नव्हता. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला याहून आणखी काय हवे? १९८८ मध्ये एका मोठ्या कंपनीने ही योजना हाती घेतली आणि १९९२ मध्ये सोडून दिली. १९९९ साली जुन्या प्रयत्नांची आज्ञावली खुली करण्यात आली. २०१४ साली तिचे एक लहानसे चालते रूप सर्वांना पाहता आले.

मधल्या काळात, १९८९ च्या मार्चमध्ये, जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या वरिष्ठांपुढे एक टिपण ठेवले होते. त्यातून निघालेली व्यवस्था १९९१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी बाहेरच्या जगाला कळवली. तिच्यातले दुवे एकाच बाजूने जात. पलीकडचे पान नाहीसे झाले तर दुवा तुटे आणि वाचणारा रिकाम्या जागी पोचे. मोबदल्याची सोय नव्हती, आवृत्त्यांची नव्हती. नेल्सनच्या दृष्टीने हे सारे त्याच्या कल्पनेचे विडंबन होते, आणि त्याने तसे वारंवार सांगितले आहे. त्याचे म्हणणे खोटे नाही. ज्या संशोधकाने आपल्या प्रबंधात जालावरचा पत्ता संदर्भ म्हणून दिला आणि दोन वर्षांनी तेथे काहीच सापडले नाही, त्याला नेल्सनचे दुःख कळेल. परंतु तुटणारे दुवे आपल्या वाट्याला आले, कारण न तुटणारे वेळेवर आले नाहीत. श्रेष्ठ कल्पना घरात राहिली आणि तिच्या मानाने ठेंगणी होती ती साऱ्या जगाची सवय होऊन बसली. आता ती बदलणे कोणाच्याच हाती नाही.

यातला उपरोध कवितेपर्यंत पोचतो. ‘कुब्ला खान’ ही स्वतःच एक खंडरचना आहे. कोलरिजने ती अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली आणि जवळजवळ दोन दशके जवळ ठेवली. १८१६ साली बायरनच्या आग्रहाने, ती खंडच आहे असे प्रस्तावनेत सांगून, छापली. त्या प्रस्तावनेतील झोपेची आणि दारावर आलेल्या पाहुण्याची कहाणी खरी किती, यावर समीक्षकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आमच्या दृष्टीने ती प्रस्तावना म्हणजे ‘हिला काय येत नाही’ हे पान आहे. ज्या कवितेने आपला तुकडेपणा मान्य करून जगात पाऊल टाकले, तिचे नाव घेतलेल्या योजनेला मात्र तेवढेच जमले नाही.

त्याच १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, आपण हौसेखातर एक संगणकप्रणाली लिहीत असल्याचे कळवले आणि सप्टेंबरात तिची ०.०१ ही आवृत्ती देऊन टाकली. तिला १.० म्हणवून घ्यायला १९९४ चा मार्च उजाडला. लिनक्सची ही हकिगत इतक्यांदा सांगितली गेली आहे की येथे ती लांबवण्यात अर्थ नाही.

आम्हांला अधिक आपला वाटतो तो डोनाल्ड कनूथ, कारण त्याच्यात आमच्या विद्याशाखेचा काटेकोरपणा भिनलेला आहे. १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्याच्या हाती आली. नव्या यंत्राने जुळवलेली ती अक्षरे त्याला इतकी कुरूप वाटली की त्याने ग्रंथलेखन बाजूला ठेवून अक्षरजुळणीची आज्ञावलीच लिहायला घेतली. तिचे नाव टेक. वर्षभराचे काम म्हणून घेतलेले हे प्रकरण दहा वर्षे चालले. पण त्या दहा वर्षांत टेक कुलुपात नव्हती. लोक ती वापरीत होते आणि तिच्यातील दोष कळवीत होते. कनूथ प्रत्येक दोष तारीखवार वहीत उतरवीत होता, आणि १९८९ साली त्याने त्या दोषांचीच समग्र नोंद प्रसिद्ध केली. दोष प्रथम दाखवणाऱ्यास तो धनादेश पाठवी. रक्कम वर्षागणिक दुप्पट करीत त्याने ती ३२७.६८ डॉलरवर थांबवली. आज्ञावली ही माणसाने वाचायची रचना आहे, ती साहित्यासारखी लिहावी, असा आग्रह धरणाराही हाच गृहस्थ.

टेकच्या आवृत्तिक्रमांकाची गंमत तर साहित्याच्या माणसाने मुद्दाम पाहावी. तिसऱ्या आवृत्तीनंतर कनूथने पुढच्या आवृत्तीला ३.१ म्हटले, नंतरच्यांना ३.१४, ३.१४१. क्रमांक वर्तुळाच्या परीघ-व्यासाच्या गुणोत्तराकडे, म्हणजे पायकडे, एकेका आकड्याने सरकतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक पाय असाच करावा आणि त्यानंतर जे दोष उरले असतील ते दोष न मानता आज्ञावलीचे गुणधर्म मानावेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. परिपूर्णतेचा ध्यास घेतलेल्या माणसाने तिच्यासाठी जी संख्या निवडली तिला शेवटचे दशांशस्थान नाही.

आपल्याकडे हे अगदीच नवे नाही. माधव जूलियन यांनी ‘छन्दोरचना’ १९२७ साली छापली; तो विषय त्यांच्या मनात तेव्हा संपलेला असता तर १९३७ ची वाढलेली, नव्याने मांडलेली आवृत्ती झाली नसती, आणि १९३८ साली मुंबई विद्यापीठाची डी.लिट. त्यांना त्या ग्रंथासाठी मिळाली नसती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आपण १८५७ च्या आवृत्तीने ओळखतो. १८३१ च्या आवृत्तीने आधी सव्वीस वर्षे लोकांचे काम चालवले होते. कोशकार आणि छंदःशास्त्री हे हत्यारे घडवणारे लोक. हत्यार वापरात पडल्यावाचून त्याची धार कोठे बसते ते कळत नाही, हे त्यांना आमच्याआधी कळलेले होते.

कविता हे हत्यार नव्हे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा पदरची ओवी कोणी तीत घालू नये असेही बजावले. तेथे दार लावून घेणे हेच बरोबर. कथा-कवितांच्या ०.१ आवृत्त्या काढाव्यात असा आमच्या म्हणण्याचा कोणी अर्थ करू नये. तसल्या काही आम्ही वाचल्या आहेत. असो.

हत्यारांतही भेद करावा लागतो. आमच्यापाशी दुसरी एक आज्ञावली आहे. ती आम्ही खुली केलेली नाही आणि इतक्यात करणारही नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या टंकांत जुळवला जाई, त्यांत संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असत. वर मराठी आकार चढवलेले. तो टंक यंत्रावर नसला की पान उघडल्यावर निव्वळ रोमन कचरा दिसतो. एका प्रकाशकाकडच्या अशा काही संहिता युनिकोडमध्ये आणण्यासाठी आम्ही ती लिहिली. काम वाटते तितके सरळ नाही. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि रफार अक्षर संपल्यावर. युनिकोडमध्ये दोहोंच्या जागा उलट. ही उलटापालट शंभरांत नव्व्याण्णव वेळा बिनचूक होते. उरलेल्या एका वेळी शब्द बदलतो, आणि बदललेला शब्दही कधीकधी अर्थपूर्णच असतो. दर्या आणि दऱ्या यांची आठवण येथे पुन्हा येते.

वृत्ताची आज्ञावली चुकली तर कवीची ओळ जागच्या जागी असते. कोणीही ती पुन्हा म्हणून पाहू शकतो आणि यंत्राला खोटे पाडू शकतो. रूपांतराची आज्ञावली चुकली तर ओळच बदलते, आणि मूळ फाईल एकदा हरवली की बदलाची साक्षही उरत नाही. जी आज्ञावली दुसऱ्याच्या संहितेला हात लावते तिला शून्याच्या आवृत्तीची सवलत आम्ही देऊ इच्छीत नाही. तिच्यासाठी सध्या इतकेच ठरवले आहे की, तिने जेथे जेथे अंदाज केला असेल तेथे तेथे खूण ठेवावी आणि मूळ फाईल न पुसता शेजारी ठेवावी. हे दोन्ही बिनबोभाट होऊ लागेपर्यंत ती चौघांकडेच राहील. ते चौघे छापील पुस्तक पुढ्यात घेऊन ओळीला ओळ ताडून पाहत आहेत. एकाने गेल्या महिन्यात दोनशे पाने संपवली.

वृत्ताची आज्ञावली आता ०.८ वर आहे. मात्रावृत्तांपैकी आर्या आणि पादाकुलक तिला येऊ लागली आहेत. ‘हिला काय येत नाही’ या पानावर आज नऊ कलमे उरली आहेत. त्यांतील दोन नवी, कारण ती उणीव पूर्वी कोणाच्या लक्षातच आलेली नव्हती. सर्वांत जुने आणि हट्टी कलम ओवीचे. ज्ञानेश्वरीतील ओवी दिली की आज्ञावली चारही चरणांची अक्षरे मोजून आकडे दाखवते, पहिल्या तीन चरणांचे यमक दाखवते आणि वृत्तनामाच्या जागी रिकामी चौकट ठेवते. त्या चौकटीत काय लिहावे याविषयी तिघांचे तीन प्रस्ताव आमच्याकडे आले आहेत. एकाच्या मते ‘ओवी’ एवढेच पुरे. दुसऱ्याच्या मते ग्रंथिक आणि लोकगीतातली असा भेद दाखवल्याशिवाय काहीच लिहू नये. तिसऱ्या बाईंचे म्हणणे असे की ओवी जात्यावर ऐकल्याखेरीज मोजताच येत नाही, तेव्हा चौकट रिकामीच असू द्या.